दाते निम्मे, तरी हा जपानी रॅचेट एवढा भारी का वाटतो?

सिंहगडरोडवाला

मंडळी, जरा विचित्र प्रश्न आहे, हसलात तरी चालेल.

माझ्याकडे २००९ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. लॉकडाऊनमध्ये गॅरेजं बंद आणि गाडीची बॅटरी मेलेली अशी वेळ आली तेव्हा स्वतःचे हात काळे करायला सुरुवात केली आणि मग ते सुटलंच नाही. ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड एवढं आता सोसायटीच्या पार्किंगमध्येच करतो, वॉचमन काका टॉर्च धरतात आणि फुकटचे सल्ले देतात. हत्यारं म्हणाल तर सगळ्यांकडे असतो तो ४६ पीसचा डबा, पाव इंची रॅचेट (पुढे फिरवताना पकडणारं, मागे आणताना कट-कट करत मोकळं फिरणारं हँडल) आणि त्याला लावायच्या गोट्या, म्हणजे नटावर बसणारे सॉकेट, आणि वडिलांच्या स्कूटरच्या काळातले चार-पाच रिंग पाने.

तर मागच्या महिन्यात आतेभाऊ नागोयाहून आला, त्याला आधीपासून माहीत होतं मला हे खूळ आहे, म्हणून येताना तीन सुताचा (३/८ इंची) एक रॅचेट, एक एक्स्टेन्शन आणि १०, १२, १४, १७ अशा चार गोट्या घेऊन आला. कंपनीचं नाव कोकेन. हो, तसंच वाचतात. घरात आधीच व्यसन म्हणतात याला, त्यात डब्यावर हे नाव.

आता खरा मुद्दा. अल्टरनेटरचा पट्टा ताणायचा होता. तो बोल्ट अशा जागी आहे की हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि डोळे मिटून चाचपडत काम करायचं. माझा जुना रॅचेट काय करायचा, बोल्ट एकदा सैल झाला की हँडल मागे आणताना तो बोल्टपण सोबत मागे यायचा, म्हणजे पुढे एवढं फिरवा, मागे तेवढंच परत, आपले कट-कट आवाज काढत बसायचं आणि बोल्ट आहे तिथेच, मग दुसऱ्या हाताचं बोट कसंबसं घालून गोटी धरून ठेवायची. नवीन घातला तर सरळ चारपाच हेलपाट्यांत बोल्ट हातात. मी बाहेर काढून परत आत घातला, नुसतं बघायला. दोनदा.

यातली गंमत अशी की डब्यातल्या रॅचेटला ७२ दाते आहेत, तसं झाकणावर मोठ्या अक्षरात छापलंय. या जपान्याला ३६. म्हणजे हिशोबाने जुना दर ५ अंशाला पकडायला पाहिजे आणि नवा दर १० अंशाला. तरी अडचणीच्या जागेत नवाच चालतो. हे कसं काय? की आतेभावाने आणलाय म्हणून मला उगाच छान वाटतंय? महिन्यातून दोन-तीन तास काम करणाऱ्या माणसाने असल्या हत्यारांवर पैसे घालावेत का? बायको म्हणते दागिने लोक निदान लग्नाला तरी घालतात.

चाकण_मेकॅनिकल

छान वाटणं खरंय, उगाच नाहीये. दात्यांचा आकडा हा डब्यावर छापायला सोपा म्हणून सगळे छापतात. ७२ दाते असतील पण रॅचेटच्या चौकोनी टोकावर गोटी किती डुलते बघ, मग एक्स्टेन्शन लावलं की दोन जोड झाले, मग गोटी नटावर किती डुलते ते बघ. हे सगळे डुलणं एकात एक मिळवलं की हँडल ८-१० अंश नुसतंच हवेत फिरतं, त्यानंतर नटाला कळतं की कोणीतरी फिरवतंय. तुझे ७२ दाते तिथेच खाल्ले गेले. चांगल्या कंपनीच्या गोटीचा चौकोन आणि रॅचेटचा चौकोन एवढे जवळ बसवलेले असतात की ते डुलणंच नाही, म्हणून ३६ दाते खरोखर ३६ दाते म्हणून काम करतात.

दुसरं म्हणजे तू जे बोल्ट परत मागे येतो म्हणालास ना, तेच खरं मर्म आहे. रॅचेट मागे फिरवताना आतला खटका दात्यांवरून घासत जातो, त्याला जोर लागतो. तो जोर सैल झालेल्या बोल्टाच्या घर्षणापेक्षा जास्त असला की खटका घसरायच्या ऐवजी बोल्टच फिरतो. स्वस्तातल्या रॅचेटमध्ये स्प्रिंग कडक, दाते नीट मशीन केलेले नाहीत, आत ग्रीस म्हणजे कारखान्यात राहिलेली धूळ, म्हणून तो मागे फिरायला जड. दुकानात कधी रॅचेट घ्यायला गेलास तर दाते मोजू नकोस, चौकोन दोन बोटांच्या चिमटीत हलकासा धर आणि हँडल मागे फिरव. चिमटीतून सुटून फिरला तर ठेवून दे परत काउंटरवर.

अर्थात पाव इंची आणि तीन सुताची तुलना म्हणजे जरा अन्यायच आहे, तेवढं सोडून दे.

गोट्यांबद्दल पण बोलतो, रॅचेटपेक्षा तिथे जास्त फरक पडतो खरं तर. त्या डब्यात १२ कोपऱ्यांच्या गोट्या असतील तर नट गोल व्हायला वेळ लागत नाही, कारण सगळा जोर नटाच्या अगदी कोपऱ्याच्या टोकाला येतो आणि कोपराच सगळ्यात कमकुवत. ६ कोपऱ्यांची गोटी घे, आणि चांगल्या कंपनीच्या गोटीत आत डोकावून बघ, कोपऱ्याजवळ छोटीशी गोलाई दिलेली असते, त्यामुळे जोर कोपऱ्यावर न येता सपाट बाजूवर थोडा आत येतो. ही आयडिया अमेरिकेत पेटंट केलेली होती, पेटंटची मुदत संपल्यावर मग सगळ्यांनीच उचलली, आता बऱ्यापैकी मधल्या किमतीच्या गोट्यांमध्येही असते. त्यामुळे जपानच पाहिजे असं काही नाही.

उद्यमनगर_फिटर

वाचून मजा आली भावा. मी कोल्हापुरात उद्यमनगरात ३१ वर्षं हेच काम करतोय, आधी वस्तादाच्या हाताखाली, आता स्वतःचं. तर एक जुनं मत ऐकून घे, राग मानू नको.

आमच्या वस्तादाकडं ६ ते ३२ पर्यंतचे पाने होते, सगळे टापरियाचे, नाशिकच्या सातपूरला बनलेले, स्वीडनच्या कंपनीशी करार करून यांनी १९६९ पासून हत्यारं करायला घेतली. त्यातला १४-१५ चा रिंग पाना माझ्याकडं अजून आहे, त्याच्यावरचं क्रोम हाताच्या जागी उडून खालचं काळं लोखंड दिसतंय, पण तोंड अजून नटावर जसं बसायला पाहिजे तसंच बसतं. त्याच्यानं मी किती इंजिनं उतरवली असतील याचा हिशोब नाही. आणि आता पोरं येतात, डबा उघडतात, आतनं चकचकीत माल बाहेर काढतात आणि नट उलटा फिरवतात.

हत्यार भारी असून चालत नाही, नट सोडायच्या आधी त्याच्याकडं बघायला लागतं. गंजलाय का, आधी कुणी पान्यानं चावलाय का, त्याच्या खाली वॉशर आहे का. मग थोडं डिझेल किंवा गंज सोडवायचं तेल मारून चहा पिऊन यायचं. पाना लावल्यावर आधी किंचित घट्ट करायचा, टक् असा बारीक आवाज येतो, मग सोडायचा. हे कुठल्याच डब्यात मिळत नाही.

आणि चुकीच्या मापाचा पाना कितीबी महाग असला तरी चुकीचाच. माझ्याकडं जुन्या महिंद्रा जीप येतात, सगळं इंचात. ९/१६ चा नट म्हणजे १४.२९ मिलीमीटर होतोय, १४ जात नाही, मग पोरगं काय करतंय, १५ घालतंय आणि म्हणतंय बसला की मालक. बसला नाही बाळा, उभा आहे तो. एक हिसका दिला की कोपरे गेले. ७/१६ ला ११ चालून जातोय, तो ११.११ आहे, म्हणून वाटतं सगळीकडं असंच चालंल.

पण एका ठिकाणी मी पण कान पकडतो. ब्रेकच्या पाइपाचा नट. तिथं साधा डबल तोंडाचा पाना लावायचा नाही म्हणजे नाही. तो नट पितळी नसला तरी मऊच, दोनच बाजू पकडल्या की दाबून चेपतो, मग आतला पाइप पिळतो, आणि पन्नास रुपयांच्या कामाला पूर्ण पाइप बदलायची पाळी येते. त्याला तोंड फाटलेला रिंग पाना येतो, फ्लेअर नट पाना म्हणतात, पाइपावरनं सरकवायचा आणि पाच बाजू पकडायच्या. तेवढा एक चांगल्यातला घे. बाकी टापरियाचा कॉम्बिनेशन सेट घे आणि गप कामाला लाग. घेताना मात्र जपून, आमच्याकडं मागं एका दुकानातनं आणलेल्या सेटवर नाव बरोबर होतं पण १० चा पाना पहिल्याच दिवशी पोटातनं वाकला, असला माल असतोय बाजारात. बिल घ्यायचं.

दहा_नंबर

१० ची गोटी एकच आणली का भावाने? फोन करून अजून दोन मागव. सहा महिन्यांत कळेल का ते.

डोंबिवली_सिटी

मी पण लिहिते, माझ्याकडे २००१ ची होंडा सिटी आहे, वडिलांची, विकायची नाही असं ठरलंय म्हणून सगळं मीच करते.

महाग हत्याराचं कौतुक मला आधी अजिबात नव्हतं, उलट भावाला चिडवायचे. मग पुढच्या ब्रेकच्या डिस्क बदलायला घेतल्या. होंडाच्या डिस्कला हबवर दोन चपट्या डोक्याचे स्क्रू असतात, फुलीचे. बघायला साधे. मी आपला घरातला फुलीचा स्क्रू ड्रायव्हर लावला, जीव खाऊन दाबला, फिरवला, सुर्र करून वर आला आणि फुलीच्या जागी वाटी झाली. दुसऱ्यालाही तेच, कारण माणूस एका चुकीवरून शिकत नाही. शेवटी ड्रिल मारून डोकी उडवायला लागली, रविवार गेला तो गेला, वर लोखंडाचा बारीक चुरा नखांत आठवडाभर.

नंतर कळलं की ती फुली आपण समजतो ती फुलीच नाही. जपानी गाड्यांवर आणि बाइकवर जेआयएस नावाची फुली असते, दिसायला जुळी बहीण, पण खालच्या कोपऱ्यांची गोलाई वेगळी, त्यामुळे आपला नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर तळापर्यंत जातच नाही, वरच्यावर टेकतो आणि जोर दिला की उडी मारतो. बऱ्याच स्क्रूंवर डोक्याशी एक बारीक ठिपका असतो, तो दिसला की समजायचं. मी मग ओसाकाच्या व्हेसल कंपनीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मागवला, ज्याच्या पाठीवर हातोडी मारली की टोक दाबलं पण जातं आणि किंचित फिरतं पण. दुसऱ्या बाजूच्या डिस्कचे स्क्रू दोन ठोक्यांत सुटले. मला तर राग आला, एवढंच होतं?

त्यामुळे सिंहगडरोडवाले दादा, भारी हत्यार म्हणजे गुळगुळीत चालणारं एवढंच नाही, ज्याचं टोक त्या खाचेसाठीच कापलंय ते. फिटर काका म्हणतात ते चुकीचं माप आणि हे एकच आहे, फक्त इथे चूक डोळ्यांना दिसत नाही.

मिशिगनचा_पंत

इथली गंमत सांगतो. इकडे गॅरेजमधला मेकॅनिक स्वतःची हत्यारं स्वतः विकत घेतो, मालक देत नाही. आठवड्यातून एकदा मोठी व्हॅन गॅरेजच्या दारात येऊन उभी राहते, आत भिंतीभर रॅचेट आणि पाने टांगलेले, पोरं आत शिरतात आणि हप्त्यावर घेऊन बाहेर पडतात. स्नॅप-ऑन त्यातली सगळ्यात मोठी, १९२० मध्ये मिलवॉकीत सुरू झालेली. त्यांची मूळ कल्पना फार साधी होती, त्याआधी प्रत्येक गोटीला हँडल जोडूनच येत असे, यांनी ५ हँडल आणि १० गोट्या वेगळ्या करून विकल्या, म्हणजे पन्नास पान्यांचं काम. आज आपल्याला हे एवढं नेहमीचं वाटतं की कधी कोणाला सुचलं असेल असा विचारच येत नाही.

माझ्या शेजारी एक मेकॅनिक राहतो, त्याच्या टूलबॉक्सची किंमत माझ्या गाडीपेक्षा जास्त आहे आणि तो ते सांगताना लाजत वगैरे नाही. पण त्याचं गणित वेगळं आहे, तो दिवसाला आठ तास ते धरतो, रॅचेट मोडला तर व्हॅनवाला पुढच्या आठवड्यात बदलून देतो, त्यासाठी तो पैसे मोजतो. आपण रविवारचे मेकॅनिक. तरी माझ्याकडे क्निपेक्सचा एक पक्कड-पाना आहे, जर्मनीत वुपरटालला बनतो, त्याचे जबडे एकमेकांना समांतर आणि गुळगुळीत, दात नाहीत, दाबाल तेवढा घट्ट धरतो आणि क्रोम केलेल्या नटाला ओरखडा येत नाही. घरच्या नळापासून गाडीच्या सेन्सरपर्यंत सगळं त्यानेच होतं. अ‍ॅडजस्टेबल पान्याला तेव्हापासून हात लावलेला नाही.

चाकण_मेकॅनिकल

फिटर काकांशी सहमत आहे पण एक सांगतो. हाताची सवय तीस वर्षांची असली तर १४-१५ च्या पान्याने नट कुठे चावतोय ते मनगटाला कळतं. नवशिक्याला ते कळायला हत्यारानेच सांगावं लागतं. चांगल्या हत्यारात डुलणं नाही म्हणून नटाची हालचाल सरळ हातापर्यंत येते. आटे तिरपे बसले असतील तर दुसऱ्या फेऱ्यालाच कळतं की काहीतरी अडतंय, आणि थांबता येतं. डुलणाऱ्या रॅचेटने ते कळतंच नाही, तू जोर लावतोस, वाटतं रॅचेटच जड आहे आणि मग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे बाहेर. अनुभवाने बोलतोय. प्लग होता. ती गाडी माझी नव्हती हे अजून वाईट.

उद्यमनगर_फिटर

हे बरोबर बोललास. प्लग मात्र मी अजून पहिले चार फेरे हातानंच बसवतो, नुसती गोटी आणि एक्स्टेन्शन बोटात धरून, रॅचेट लावायचाच नाही. रबरी नळीचा तुकडा प्लगच्या मागं घालून फिरवला तर अजून चांगलं, आटे चुकले की नळीच घसरते.

सिंहगडरोडवाला

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद, फिटर काका तुमची नळीची युक्ती लगेच लिहून ठेवली.

अपडेट देतो. शनिवारी बोहरी आळीत गेलो होतो. चाकणवाल्या भाऊंनी सांगितलं तसं चौकोन चिमटीत धरून रॅचेट मागे फिरवून बघितले, दुकानदार आधी विचित्र बघत होता, मग त्यानेच आतून अजून दोन काढून दिले आणि म्हणाला हा बघा साहेब, यात तुमची चिमटी टिकेल. घेतला नाही, आहे माझ्याकडे. टापरियाचा कॉम्बिनेशन सेट घेतला, बिलासकट. आणि १०-१२ चा फ्लेअर नट पाना. रविवारी ब्रेकचं ऑइल बदलायचं होतं, डाव्या मागच्या चाकाचा ब्लीडर निपल (जुनं ऑइल बाहेर सोडायचा बारीक स्क्रू) आधीच कोणीतरी अर्धा गोल करून ठेवलेला, मागच्या सर्व्हिसला एका गॅरेजने केलेली कामगिरी. त्यावर वडिलांचा रिंग पाना बसवला तर सरळ घसरत होता, मग ६ कोपऱ्यांची लांब गोटी घालून आधी किंचित घट्ट, टक् झालं खरंच, आणि सुटला. वॉचमन काकांनी टाळी दिली.

बायकोला आतेभावाचा रॅचेट फिरवून दाखवला, तिने दोन मिनिटं कट-कट केलं आणि परत दिला, म्हणाली आवाज चांगला आहे. एवढंच. पण परत दागिन्यांचं काही बोलली नाही.

आता टॉर्क रेंचचा, म्हणजे ठरवलेल्या जोराला क्लिक करणाऱ्या पान्याचा, विचार चाललाय. कारण मागच्या वेळी पंक्चरवाल्याने चाकाचे नट पाइप लावून पायाने आवळले होते आणि रस्त्यात स्टेपनी बदलताना मला पण त्यांच्यावर उभं राहून उड्या मारायला लागल्या, घाटात, पावसात. माझ्या मॅन्युअलमध्ये चाकाला ८५ न्यूटन मीटर लिहिलंय. २० ते १०० वाला घेऊ की ४० ते २०० वाला?

चाकण_मेकॅनिकल

तुझ्या इंजिनाला १४ मिमीचा प्लग आहे ना, तो अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटरला बसतो. ४० वाल्याने ते जमणारच नाही, त्याच्या खाली तो क्लिकच करत नाही, आणि लोक क्लिकची वाट बघत आवळत राहतात. २० ते १०० घे, चाकं पण त्यातच होतात. अर्धा इंची मिळाला तर बरं, नाहीतर तीन सुताला अ‍ॅडाप्टर लाव.

त्याने नट सोडायचे नाहीत, फक्त बसवायचे. क्लिक झालं की थांबायचं, खात्री म्हणून अजून दोन क्लिक असं करायचं नाही, दर वेळी थोडं जास्त आवळलं जातं. आणि काम झालं की फिरवून खाली २० वर आणून ठेव, स्प्रिंग दाबलेली राहिली की माप बिघडतं. २० च्या खाली पण नेऊ नकोस.

दहा_नंबर

१० ची गोटी आहे ना अजून?

सिंहगडरोडवाला

काल बॅटरीचं टर्मिनल काढताना पडली. आवाज आला दोन ठिकाणी, मग नाही आला. खालचं प्लास्टिकचं कव्हर उद्या काढणार आहे.